ब्रेकवरचं कुंकू

परळच्या एका गिरणीच्या मागच्या आवारात छप्पन सालच्या उन्हाळ्यापासून एक खड्डा खणला जात होता. नव्या इंजिनघराचा पाया. पंचवीस फूट खोल, आणि काठावरून वाकून पाहिलं तर तळाशी दुपारीही सावलीच. त्या कामावर साठ माणसं राबत होती, आणि त्या साठांत लवू कुबलशी धड बोलणारं एकही नव्हतं.

लवूला त्याची खंत नव्हती. निदान तो तसं दिसू देत नसे. सकाळच्या भोंग्याआधी तो यायचा, डबा बसायच्या जागेखाली सरकवायचा आणि यंत्राभोवती एक पूर्ण फेरी घालायचा. देवाला घालतात तशीच सावकाश, फक्त त्याचे हात जोडलेले नसत. हातात फडकं असे. त्या फडक्यानं तो तारेचा दोर वीत-वीत चाचपत जायचा. दोरातली एखादी बारीक तार तुटून वर आली असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण फडक्याला धरते. फडकं अडलं की लवू थांबायचा, आणि लवू थांबला की साठ माणसांचं काम थांबायचं.

त्या यंत्राला सगळे म्हैस म्हणत. काळं धूड, साखळीच्या रुंद पट्ट्यांवर चालणारं, चिखलात बसकण मारणारं. पुढे लांब सोंड. सोंडेच्या टोकाला खणायचं असलं की दातांची बादली लावायची, ओझं उचलायचं असलं की बादली काढून हुक अडकवायचा. नऊ वर्षं ती म्हैस लवूच्या हाताखाली होती. कंत्राटदार बदलले, कामं बदलली, म्हैस आणि लवू मात्र एकमेकांना सोडून कुठं गेले नाहीत.

तो वेंगुर्ल्याकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. बाप होडीवर सुकाणू धरणारा. दोर ताणला की कसा गातो आणि तुटायच्या आधी कसा गप्प होतो, हे लवूला अक्षरं कळायच्या आधी कळलं होतं. आणि अक्षरं त्याला पुढे फारशी कळलीच नाहीत. यंत्राच्या आत पितळेच्या पत्र्यावर इंग्रजीत काही नियम कोरलेले होते. ते त्याला वाचता येत नव्हते. त्याचे नियम त्याला शिवानं शिकवले, आणि ते शिकवायला शिवाला मरावं लागलं.

शीवला एका पुलाचं काम होतं तेव्हाची गोष्ट. लवू तिशीतला, हसरा, सगळ्यांचा लाडका. ओझं खाली, शिवा ओझ्याला साखळी बांधणारा. एका माणसानं वर उचल म्हणून हात केला, दुसऱ्यानं थांब म्हणून हात केला. दोघंही ओळखीचे, दोघंही घाईत. लवूनं उचल म्हणणाऱ्याचं ऐकलं. शिवाचे हात साखळीत होते. त्यानंतर लवूला कोणी एक शब्दही बोललं नाही. उलट मुकादमानं पाठीवर हात ठेवला, चहा पाजला. त्या चहाचा राग लवूच्या मनातून कधी गेला नाही. त्या दिवसापासून तो हसायचा बंद झाला, आणि यंत्रावर बसल्यावर एकाच माणसाच्या हाताकडे बघायला लागला. फक्त थांब म्हणायला कोणीही म्हणावं. उचल म्हणायला एकच.

हे नियम परळच्या खड्ड्यावर फार जड गेले.

नाना शेडगे हा तिथला मुकादम. साताऱ्याकडचा, उंचापुरा, आवाज असा की खड्ड्याच्या तळाशीही कानात बोलल्यासारखा पोचावा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तो पुढे होता. जानेवारीत गोळीबार झाला त्यात त्याच्या चाळीतला एक माणूस गेला होता, आणि तेव्हापासून नानाच्या बोलण्यात एक धार आली होती, ती कामावरही उतरायची. खड्ड्यात उतरायला शिडी होती, पण नानाला शिडीचा कंटाळा. पहिल्याच आठवड्यात तो मातीच्या रिकाम्या बादलीत जाऊन बसला आणि हात उंचावून म्हणाला, "घे रं कुबल, सोड खाली."

लवूनं इंजिन बंद केलं, डबा काढला आणि भाकरी खायला घेतली.

"आरं, ऐकू येतंय का न्हाय?"

"येतंय. बादलीत माती बसते, माणूस नाही."

नाना उतरेना, लवू इंजिन सुरू करीना. अर्धा तास नाना त्या बादलीत नवरदेवासारखा बसून होता, आणि काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी तो शिडीनं उतरला. उतरताना तो लवूकडे बघून थुंकला. ते वैर तिथून.

त्या हसणाऱ्या बायाही फार दिवस लवूच्या बाजूच्या राहिल्या नाहीत. खड्ड्यातून निघालेली माती काठालगत टाकायची नाही, काठाला भार झाला की कड आत कोसळते, असं त्यानं साहेबांना सांगितलं आणि माती चाळीस पावलं लांब टाकायचा हुकूम निघाला. म्हणजे दर पाटीमागे चाळीस पावलं जास्त, दिवसाकाठी दोनशे पाट्या. गंगुबाई ही त्या बायांतली थोरली. लालबागला लवूच्याच चाळीत राहणारी, नवरा गिरणीत, माहेरही त्याच्या गावाशेजारी.

"मेल्या, तुझ्या डोक्यार एकदा पाटी घे आणि मगे पावलां मोज," ती त्याला म्हणाली.

"कड कोसळली तर पाटी नाय, डोक्यार अख्खो परळ येतलो," लवू म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. हेच दोन शब्द गोड करून सांगता आले असते. पण गोड बोलणं त्यानं शीवच्या पुलावरच सोडलं होतं.

आणि मग हरताळाचा दिवस. अकरा वाजता सगळ्यांनी हत्यारं टाकायची आणि मोर्चात जायचं ठरलं होतं. अकराचा भोंगा झाला तेव्हा म्हशीच्या सोंडेला लोखंडी तुळई लोंबत होती. सगळे घोषणा देत निघाले. लवू निघाला नाही. त्यानं तुळई सावकाश जमिनीवर ठेवली, सोंड खाली घेतली, खुट्टी अडकवली, इंजिन थंड होऊ दिलं. त्यात वीस मिनिटं गेली. मग तोही धावत निघाला, लालबागच्या नाक्यापर्यंत गेला, पण मोर्चा केव्हाच पुढे गेला होता. रस्त्यावर नुसत्या चपला पडल्या होत्या. तो तसाच एकटा भायखळ्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी नाना सगळ्यांदेखत म्हणाला, "काल मोर्चाच्या येळी यंत्राला मिठी मारून कोन बसलं होतं, ते समद्यांनी बघितलंय." लवूनं खुलासा केला नाही. ज्याला लोंबती तुळई दिसत नाही त्याला काय सांगायचं, असं त्याला वाटलं.

अशा वैरात त्या वर्षीचा दसरा आला, तो रविवारी आला. शनिवारी खंडेनवमी. त्या दिवशी गिरणगावात माग, कातरी, हातोडे, पाटी-फावडी सगळं धुऊन पुसून मांडतात, पूजतात आणि मग दसरा होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. खड्ड्यावरही पूजा ठरली. झेंडूची पोती आली. लवूनं एकच अट घातली: पूजा बाहेरून करा. बादलीला करा, हुकाला करा, पट्ट्यांना करा, पण आत कोणी जायचं नाही.

"देवीला दार बंद करतोस?" नाना म्हणाला.

"देवीला नाही. तुमाला."

दुपारी दोन वाजता लवूनं आतल्या दाराला कडी घातली आणि तो घरी गेला. कडीला कुलूप नव्हतं. कुलूप लावावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण खंडेनवमीला आपल्याच यंत्राला कुलूप लावायचं त्याला बरं वाटलं नाही. ती चूक त्याची, आणि ती तो पुढे कधी नाकारत नसे.

तो गेल्यावर बायांनी हळदकुंकू घेतलं. म्हशीच्या काळ्या अंगावर कुंकू दिसेना. कोरडं लावलं तर वाऱ्यानं उडे, पाण्यात कालवलं तर ओघळे. मग गंगुबाईनं चाळीतून वाटीभर खोबरेल मागवलं आणि त्यात कुंकू दाट कालवलं. तरी काळ्यावर ते उठेना. तेव्हा तिनं कडी काढून आत पाहिलं. आत, दोराच्या रिळाच्या कडेला, लोखंडाचं एक रुंद कडं होतं. नऊ वर्षं पट्टा घासून घासून ते आरशासारखं उजळलं होतं. सबंध यंत्रात तेवढीच एक जागा देवीच्या मुखवट्यासारखी लख्ख. गंगुबाईला वाटलं, हाच हिचा चेहरा. तिनं त्या कड्यावर पाची बोटं उमटवली, वर मोठं स्वस्तिक काढलं, उरलेलं तेलही तिथंच ओवाळून टाकलं, आणि मनापासून नमस्कार केला.

ते कडं म्हणजे म्हशीचा ब्रेक होता.

सोमवारी लवू भोंग्याआधी आला. म्हशीला झेंडूच्या माळा होत्या, ऊसही बांधला होता, आणि कडी उघडी होती. त्यानं आत पाहिलं. कड्यावरचं कुंकू कडेनं ओघळून पट्ट्याच्या आत गेलं होतं. कड्याला वेढलेला हा पट्टा आवळला की ओझं थांबतं, आणि त्याला आतून जाड कापडासारखं अस्तर असतं. कोरडं असेल तरच ते लोखंडाला धरतं. लवूनं बोट आत घालून काढलं. बोट लाल, चिकट आणि तेलकट होतं. दीड दिवस अस्तर तेल पीत बसलं होतं.

नेमका तो दिवस पाट बसवायचा. नव्या इंजिनाखाली घालायचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाट, साडेतीन टनांचा, आदल्या आठवड्यातच येऊन ओंडक्यांवर पडला होता. तो खड्ड्यात उतरवायचा, आणि तळाशी आठ माणसांनी तो बोल्टांवर जुळवून घ्यायचा. त्या आठांत बोल्ट धरणारे होते, गवंडी होते, आणि चुन्या-सिमेंटची घमेली घेऊन गंगुबाई आणि आणखी एक बाई. दुपारी मैदानात संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. साहेबांनी शब्द दिला होता की बारापर्यंत पाट बसला तर दुपारी सगळ्यांना सुट्टी.

साहेब म्हणजे कमलाकांत धैर्यवान. गिरगावातल्या जुन्या घरातला तरुण इंजिनियर, पांढरी पॅन्ट, बोलणं हळू आणि नीट. लवू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बोट पुढे केलं.

"हे काय?"

"कुंकू. ब्रेकला लावलंय, तेलात कालवून. पट्टा उघडावा लागेल. अस्तर रॉकेलनं धुवायचं, वाळवायचं, घासायचं. उद्या पाट उतरवतो."

"उद्या?" धैर्यवानांनी घड्याळ पाहिलं. "लवू, वरून पुसून घ्या ना."

"वरून पुसलंय. आतलं पुसता येत नाही."

एवढ्यात नाना आला, त्याच्यामागे बाकीचे. लवू काय म्हणतो ते एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, आणि जाताना त्याचा रंग बदलत गेला. काठावर पोचेपर्यंत ते असं झालं होतं की लवू म्हणतो सवाष्णीच्या कुंकवानं यंत्र बाटलं, आणि आज सभेला कोणाला जाऊ द्यायचं नाही.

गंगुबाई पुढे आली. तिच्या हातात घमेलं तसंच होतं.

"माझ्या हातचां कुंकू तुका नडला?"

"कुंकू नाय गो, तेल. तेलान ब्रेक सुटता."

"मी तुझ्या यंत्राक देवी समजान पुजलंय. तू तुझ्या आयेक तरी कधी पुजलंस काय?"

"देवीक तुझो हात लागलो ता बरां झाला. ब्रेकाक लागलो ता वायट," लवू म्हणाला. "तू आज खाली उतरतलंस ना? मगे पाट तुझ्याच डोक्यार येतलो."

सवाष्णीला सकाळी सकाळी असं बोलायचं नसतं. बायांत एकदम गलका उठला. कोणी म्हणालं, जीभ झडो याची. गंगुबाईचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. "शिरा पडली तुझ्या तोंडार!" ती म्हणाली आणि घमेलं तिथंच आपटलं.

नाना साहेबांकडे वळला. "सायेब, ह्यो सरकारचा मानूस हाय. हरताळाला आला न्हाय, आता सभेला बी आमाला जाऊ देत न्हाय. वसंतला बसवा यंत्रावर."

वसंत म्हणजे म्हशीला ग्रीस घालणारा, पस्तिशीचा, तीन लेकरांचा बाप. सहा वर्षं त्यानं लवूची बोलणी खाल्ली होती आणि त्या बसायच्या जागेकडे बघत सहा वर्षं काढली होती. तो पुढे झाला. पण इंजिन फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल लवूच्या हातात होतं. लवू ते मांडीखाली घेऊन पायरीवर बसला.

"हँडल द्या," धैर्यवान म्हणाले.

"खाली आठ माणसं उतरणार असतील तर देणार नाही."

"हा माझा हुकूम आहे."

"असू दे."

साठ माणसांचं कडं त्याच्याभोवती आवळलं. कोणीतरी मागून मातीचं ढेकूळ मारलं, ते त्याच्या खांद्यावर फुटलं. लवूनं खांदा झटकला नाही. तो पाटाकडे बघत होता. काळा, जाड, शांत पडलेला पाट. त्याला आतल्या आत वाटत होतं, ही सगळी माणसं मूर्ख आहेत, आणि ह्या मूर्खांतलं एकही आपल्या हातून मरता कामा नये. ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींना ढकलत नव्हत्या.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "मी दाखवतो. इथंच, वर, मोकळ्या जागेत. सगळ्यांनी लांब व्हायचं. ब्रेकनं धरलं तर मी पाट उतरवतो. नाही धरलं तर पट्टा उघडायचा."

धैर्यवान विचारात पडले. मग त्यांनी मान हलवली. माणसं लांब सरकली. पाटाला साखळ्या बांधल्या. नानाला इशाऱ्याला उभं केलं, कारण इशारा एकाचाच हवा आणि नाना तो बरोबर देतो, हे लवूला वैरातही मान्य होतं.

नानानं हात केला. म्हैस हंबरली. पाट ओंडक्यांवरून वीतभर उचलला गेला आणि लवूनं ब्रेकवर पाय रोवला. सगळे श्वास धरून उभे. पाट हलला नाही. एका माणसानं बिडी पेटवली, ती अर्धी झाली, तरी पाट तसाच.

आणि मग हशा उठला. "धरलं की रं!" नाना ओरडला. "देवीनं धरलं!"

लवूची कानशिलं तापली. त्यानं पाट ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा धरलं. आता टाळ्या वाजल्या. वसंत मोठ्यानं म्हणाला, "बघा, सहा वर्षं हे असंच चाललंय. भीती विकून खातो हा माणूस."

"पुरे झालं, लवू," धैर्यवान म्हणाले. "साडेनऊ वाजलेत. घ्या खड्ड्यावर."

"थंड आहे साहेब, म्हणून धरतंय. खड्ड्यात पंचवीस फूट ब्रेकवर घासत उतरायचंय. पट्टा तापेल. तापलं की तेल वर येईल. इथंच उंच उचलून खाली घेतो एकदा."

"नाही. पाटाला काही झालं तर?"

"पाटाला झालं तर पाटालाच होईल."

साहेब नाही म्हणाले होते. नानाचा हात खाली होता. एकाच हाताचं ऐकायचं हा लवूचा स्वतःचा नियम, आणि त्या घटकेला त्यानं तो स्वतःच मोडला. त्यानं नानाकडे न बघता पाट उचलला. ओंडक्यांच्या बरोबर वर, दोन पुरुष उंच. आजूबाजूला तीस पावलं माणूस नव्हतं. हे त्यानं दोनदा बघून घेतलं. मग ब्रेक सैल करून तो पाट खाली घ्यायला लागला.

पहिले चार हात पाट शहाण्यासारखा आला. मग लवूच्या नाकाला वास आला. तापलेल्या खोबरेलाचा, देवळातल्या समईसारखा गोड वास. पायाखालचं ब्रेकचं पेडल मऊ झालं, चिखलात पाय जावा तसं. त्यानं सगळा भार टाकला, दोन्ही पाय टाकले. पाट थांबला नाही. शेवटचे सहा-सात फूट तो सरळ सुटला आणि ओंडक्यांवर एका कोपऱ्यावर आदळला.

बीड वाकत नाही, फुटतं. देवळातली घंटा वाजावी तसा एकच आवाज झाला आणि पाटाचा कोपरा हातभर लांब जाऊन पडला.

लवू घामानं भिजून बसला होता. त्याला वाटलं, आता तरी कळलं असेल.

"पाय उचलला त्यानं," वसंत म्हणाला. "मी बघत होतो. मुद्दाम पाय उचलला."

तेवढं एक वाक्य पुरलं. ते सगळ्यांना हवंच होतं. साडेतीन टनांचा पाट फुटला, सुट्टी गेली, आणि हे सगळं एका माणसाच्या हट्टापायी; हे समजायला सोपं होतं. तेल समजायला अवघड होतं. धैर्यवान स्वतः आत चढले, कड्याकडे वाकून पाहिलं. पण तेल धूर होऊन गेलं होतं, कडं काळं पडलं होतं, कुंकवाचा मागमूसही नव्हता.

"मी नाही म्हटलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या हुकमाविरुद्ध उचललंत."

"उचललं."

"पाय काढलात का?"

"नाही."

धैर्यवानांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना खरं काय ते बहुधा कळलं असावं. पण त्या पाटाचं उत्तर त्यांनाही कुणाला तरी द्यायचं होतं. त्यांनी वहीत लिहिलं, चालकाची चूक. लवूला त्याच दिवशी कामावरून काढलं.

नाना आणि बाकीचे सुट्टीची वाट न पाहता घोषणा देत सभेला निघून गेले. जाताना गंगुबाई यंत्रापाशी थांबली. "माझ्या कुंकवार आळ घेतलंस," ती म्हणाली. "तुझ्या घरातली आता आमच्या नळार इली तर बघ."

लवूला घरी जायला सांगितलं होतं. तो गेला नाही. नऊ वर्षं हाताखाली असलेलं यंत्र घाणेरड्या ब्रेकनं तो कुणाच्या हवाली करणार नव्हता. मग तो वसंत असो की आणखी कोणी. त्यानं पट्टा उघडला. अस्तर काढून रॉकेलमध्ये बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. तीन पाणी रॉकेलची झाली, तेव्हा लाली जायची थांबली. मग ते उन्हात पसरलं, वाळल्यावर कानशीनं घासलं. कडं पुसून लख्ख केलं. संध्याकाळी पट्टा पुन्हा बसवला, आणि रिकाम्या हुकावर दहा वेळा धरून पाहिला. वसंत लांब उभा राहून बघत होता.

"उचलल्यावर आधी वीतभर धरून बघ," लवू त्याला म्हणाला. "रोज. आणि खाली माणूस असला तर..."

"मला शिकवू नको," वसंत म्हणाला. "तुझे दिवस संपले."

चाळीत गंगुबाईनं शब्द खरा केला. लवूची बायको रमाबाई नळावर गेली की बाया हंडे मध्ये सरकवत. रमाबाई घरी येऊन रिकामा हंडा आपटायची. "एकदा जावन सांगा, चूक झाली म्हणान. तुमचां काय जाता?"

"खयची चूक?" लवू म्हणायचा, आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

नोव्हेंबर उजाडला. द्विभाषिक राज्य झालं, गिरणगावात काळे झेंडे लागले, नानाचा आवाज आणखी चढला. महिन्याअखेर नवा पाट आला. लवूला ते रस्त्यावर कळलं. त्या सकाळी तो गिरणीमागच्या बोळात जाऊन कुंपणाच्या पत्र्यांच्या फटीशी उभा राहिला.

त्यानं खड्ड्यात उतरणारी डोकी मोजली. आठ. सातवं डोकं गंगुबाईचं. वसंतनं पाट उचलला, आणि वीतभर धरून न बघता थेट खड्ड्यावर घेतला. लवूची बोटं पत्र्याच्या धारेवर आवळली. पाट खाली जायला लागला. पाट त्याला दिसेनासा झाला, फक्त दोर दिसत होता आणि ब्रेकचा आवाज येत होता. कोरड्या अस्तराचा खरखरीत, एकसारखा, कुरकुरा आवाज. पंचवीस फूट तो आवाज कुठेही मऊ झाला नाही. मग दोर सैल पडला. खालून कोणीतरी हाक दिली. पाट बसला.

लवू तिथंच थांबला. दुपार टळल्यावर माणसं शिडीनं वर आली. त्यानं पुन्हा मोजली. आठ.

गंगुबाईनं फटीतले डोळे ओळखले. "कित्याक इलंस रे? नजर लावूक?"

"मोजूक इलंय."

"काय मोजूक?"

तिनं नानाला हाक मारली. नाना धावत आला आणि त्यानं एक ढेकूळ पत्र्यावर असं मारलं की बोळातली कुत्री भुंकत सुटली. "पुन्हा हितं दिसलास तर तंगडं मोडीन!" लवू पाठ फिरवून चालायला लागला. पळाला नाही. चाल वाढवलीही नाही.

दोन दिवसांनी तो शीवला गेला. तिथं मोठ्या गटाराचा चर खणायचा होता आणि खोदायच्या यंत्रावर माणूस हवा होता. तिथल्या मुकादमानं त्याला खालून वर न्याहाळलं.

"परळला पाट पाडला तो तूच काय रे?"

"होय, मीच," लवू म्हणाला. "यंत्र कुठंय? आधी ब्रेक उघडून बघतो, मग काय ते बोल."